हाताच्या उपचाराला पैसा कोण देणार? ऑस्टिओपॅथीच्या संशोधननिधीची दीडशे वर्षे

१/ नव्या औषधाची चाचणी घ्यायची असेल, तर तिचा खर्च बहुधा ते औषध बनवणारी कंपनीच उचलते. चाचणी यशस्वी झाली की विक्रीतून तो भरून निघतो. पण ज्या उपचारात ना गोळी ना यंत्र, केवळ वैद्याचे दोन हात, त्याची परीक्षा कोणाच्या पैशाने व्हायची? अमेरिकेतील ऑस्टिओपॅथी ही वैद्यकपरंपरा या प्रश्नाशी गेली दीडशे वर्षे झुंजते आहे. आजचा हा धागा त्या झुंजीचा इतिहास सांगणारा. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रारंभ एका दुःखद घटनेपासून होतो. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हे कॅन्सस प्रांतातील वैद्य. वडील धर्मोपदेशक आणि वैद्यही. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत स्टिल यांच्या घरातील तीन मुले दगावली. त्या काळी पारा, अफू आणि रेचके यांवर वैद्यकाची मोठी भिस्त होती. स्वतः वैद्य असूनही आपल्या हाती काही नाही, या जाणिवेने स्टिल यांचा प्रचलित औषधांवरील विश्वास उडाला.

३/ पुढील दहा वर्षे त्यांनी अस्थी, स्नायू आणि मणका यांच्या अभ्यासात घालवली. शरीराच्या रचनेत बिघाड झाला की रक्ताभिसरण आणि चेतासंस्था यांच्या कार्यात अडथळा येतो. तो अडथळा हातांनी दूर केला तर शरीर स्वतःला बरे करते, असा त्यांचा सिद्धान्त. २२ जून १८७४ हा आपल्या विचाराच्या जन्माचा दिवस म्हणून ते स्वतः सांगत. आपल्याकडील हाडवैद्याची आठवण व्हावी असेच हे काम. किंबहुना स्टिल यांनीही काही काळ स्वतःची जाहिरात हाडे बसवणारा म्हणूनच केली होती.

४/ संस्थात्मक नकाराचा पहिला अनुभवही याच वेळचा. कॅन्ससमधील बेकर विद्यापीठाच्या उभारणीत स्टिल कुटुंबाचा हातभार होता. तेथे आपला विचार मांडण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती नाकारली गेली. मग ते मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी गेले आणि १८९२ साली त्यांनी तेथे ‘अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी’ काढले. पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही प्रवेश होता, ही त्या काळी लक्षणीय गोष्ट. येथून बाहेर पडणाऱ्यास एम.डी. नव्हे, तर डी.ओ. ही पदवी मिळे.

५/ येथे अर्थकारणाकडे लक्ष द्यायला हवे. या शाळेस ना सरकारी अनुदान होते, ना कोणा धनिकाचा कायमस्वरूपी निधी. ती चाले विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि रुग्णांनी दिलेल्या पैशांवर. पुढे देशभर निघालेल्या इतर ऑस्टिओपॅथिक शाळांची स्थितीही तीच. शुल्कावर चालणारी शाळा अध्यापन करू शकते, दवाखाना चालवू शकते; प्रयोगशाळा उभारून दहा-दहा वर्षे फलाची वाट पाहणे तिला परवडत नाही. संशोधनाच्या दारिद्र्याचे बीज येथेच पेरले गेले.

६/ मग आले १९१० साल. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून एक अहवाल लिहिला. आधुनिक वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात त्याच्या तोडीचा दस्तऐवज विरळा. फ्लेक्सनर यांनी आठ ऑस्टिओपॅथिक शाळाही पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष कठोर होता: प्रयोगशाळा अपुऱ्या, रुग्णालये तोकडी, आणि शुल्क गोळा करण्याचा उत्साह मात्र दांडगा.

७/ टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. त्या काळच्या अनेक एम.डी. शाळांचीही फ्लेक्सनर यांनी अशीच चिरफाड केली आणि त्यांतील कित्येक पुढे बंद पडल्या. परंतु अहवालानंतर पैशाचा प्रवाह कोणत्या दिशेने वळला, हे महत्त्वाचे. रॉकफेलर यांच्या ‘जनरल एज्युकेशन बोर्डा’ने १९१३ साली एकट्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला १५ लाख डॉलर दिले. पूर्णवेळ प्राध्यापक, प्रयोगशाळा, संशोधन हे सारे अशा देणग्यांतून उभे राहिले. ऑस्टिओपॅथीच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

८/ यातील एक विसंगती अशी: स्वतः जॉन डी. रॉकफेलर आयुष्यभर होमिओपॅथीचे चाहते होते. तरीही त्यांच्या नावाचा पैसा प्रयोगशाळेवर आधारलेल्या वैद्यकाकडेच गेला, कारण निर्णय घेणारे सल्लागार त्या विचाराचे होते. निधीचा इतिहास लिहिताना दात्याच्या आवडीनिवडीपेक्षा त्याच्या सल्लागारांची मते अधिक बारकाईने पाहावी लागतात, ती यामुळेच.

९/ बाहेरून पैसा येत नाही म्हटल्यावर ऑस्टिओपॅथांनी आपसांत वर्गणी काढली. त्यातून शिकागो येथे ‘ए. टी. स्टिल रिसर्च इन्स्टिट्यूट’ ही संस्था १९१० च्या दशकात उभी राहिली. तिच्या कामात सर्वांत चिकाटीने टिकल्या त्या कॅलिफोर्नियातील डॉ. लुईझा बर्न्स. सशांच्या मणक्यात कृत्रिमरीत्या बिघाड घडवून त्याचे अवयवांवर काय परिणाम होतात, याच्या नोंदी त्यांनी कित्येक वर्षे ठेवल्या. अल्प निधीत एका स्त्री-संशोधिकेने चालवलेले हे काम. मात्र ते प्रामुख्याने आपल्याच पंथाच्या वाचकांपुरते राहिले. स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते पुन्हा करून पाहावे, असा योग फारसा आला नाही.

१०/ याच काळातील एक आकडा आजही वारंवार सांगितला जातो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर ऑस्टिओपॅथांच्या संघटनेने आपल्या सभासदांकडून माहिती मागवली. उपचार केलेले रुग्ण १,१०,१२२. त्यांपैकी मृत्यू २५७. म्हणजे हजारी दोन-अडीच. साथीचा प्रकोप पाहता हा आकडा विलक्षण वाटतो.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. हा आकडा डॉक्टरांनी स्वतःच स्वतःविषयी कळवलेला आहे. ज्यांचे अनुभव वाईट होते त्यांनी उत्तरे पाठवलीच नसतील, ही शक्यता उरते. रुग्ण किती गंभीर होते, ते कोणत्या वयाचे होते, निदान कसे झाले, आणि तुलनेसाठी तसेच दुसरे रुग्ण कोठे आहेत, यांपैकी कशाचेही उत्तर त्यातून मिळत नाही. आकडा खोटा आहे असे नव्हे. पण तो पुरावा म्हणून जितका मोठा दिसतो तितका नाही. योग्य चाचणी झाली असती तर आज निश्चित काही सांगता आले असते. ती झाली नाही. पुढे ९२ वर्षांनी काय घडले ते धाग्यात येईलच. हा आकडा तोवर लक्षात ठेवावा.

१२/ १९३८ साली कर्क्सव्हिलला जे. स्टेडमन डेन्स्लो हे संशोधक आले आणि कामाची पद्धत पालटली. मणक्यावर ठरावीक दाब दिला असता आजूबाजूचे स्नायू किती चटकन आकुंचन पावतात, हे ते विद्युत उपकरणांनी मोजू लागले. १९४५ मध्ये त्यांना आयर्विन कॉर येऊन मिळाले. कॉर हे डी.ओ. नव्हेत, प्रिन्स्टन विद्यापीठातून शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. १९४७ साली दोघांचे काम ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त छापले गेले. पंथाबाहेरच्या प्रतिष्ठित नियतकालिकात मिळालेले हे स्थान फार मोलाचे होते.

१३/ त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मणक्याच्या ज्या भागात बिघाड जाणवतो, तेथील चेतापेशी आधीच उत्तेजित अवस्थेत असतात, त्यामुळे किरकोळ कारणानेही स्नायू ताठरतात. ही कल्पना ऑस्टिओपॅथीचा शास्त्रीय पाया म्हणून शिकवली जाऊ लागली. युद्धोत्तर काळात केंद्र सरकारचा संशोधनावरील खर्च झपाट्याने वाढत होता, आणि कर्क्सव्हिलच्या प्रयोगशाळेलाही त्यातील काही अनुदाने मिळाली.

१४/ पण या यशात एक पेच दडलेला होता. सरकारी अनुदान मिळत होते ते चेतासंस्थेच्या मूलभूत अभ्यासाला. चेतातंतूंतून वाहत जाणारे पदार्थ स्नायूंपर्यंत पोहोचतात, हे दाखवणारा कॉर आणि सहकाऱ्यांचा लेख १९६७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्र म्हणून तो उत्तमच. मात्र पाठ दुखणाऱ्या माणसाला हस्तोपचाराने बरे वाटते का, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ज्या प्रश्नाला पैसा मिळतो तोच प्रश्न शास्त्रज्ञ विचारू लागतात, हे आपण वैद्यकात आणि इतिहासलेखनातही पाहतो.

१५/ दरम्यान व्यवसायाचे अस्तित्वच पणाला लागले होते. कॅलिफोर्नियात १९६१–६२ साली ऑस्टिओपॅथांची राज्यसंघटना एम.डी. डॉक्टरांच्या संघटनेत विलीन झाली. लॉस एंजेलिसचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय एम.डी. महाविद्यालय बनले, आणि सुमारे २,००० डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून डी.ओ. ऐवजी एम.डी. ही पदवी घेतली. देशातील एक मोठे महाविद्यालय अशा रीतीने हातचे गेले. जी संघटना उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, तिने संशोधनासाठी दीर्घकालीन निधी कसा उभारावा?

१६/ मात्र विलीनीकरणाची ही लाट इतर राज्यांत पसरली नाही. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी डी.ओ. डॉक्टरांना सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून घेण्यास मान्यता दिली. १९७१ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या परिसरात ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय सुरू झाले. सार्वजनिक विद्यापीठाचा भाग असलेले हे पहिलेच. आता ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि इतर शाखांतील शास्त्रज्ञ शेजारीच उपलब्ध झाले. मान्यता आणि निधी यांची पावले बहुधा बरोबरीने पडतात.

१७/ १९७४ साली अमेरिकी संसदेने प्रथमच थेट प्रश्न विचारला. कायरोप्रॅक्टिक या दुसऱ्या हस्तोपचारपंथाचा समावेश ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात नुकताच झाला होता. ज्या उपचाराचे पैसे सरकार देणार, त्यास शास्त्रीय आधार आहे का? हे तपासण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, हिला २० लाख डॉलरपर्यंत खर्च करण्याची सूचना झाली.

१८/ त्यानुसार फेब्रुवारी १९७५ मध्ये बेथेस्डा येथे तीन दिवसांची परिषद भरली. एम.डी., डी.ओ. आणि कायरोप्रॅक्टर अशा एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या मंडळींना एका सभागृहात बसवले गेले. परिषदेचे वृत्तान्त संपादित करणारे एनआयएचचे अधिकारी मरे गोल्डस्टीन हे स्वतः डी.ओ. होते, पुढे ते तेथील चेतारोग संस्थेचे संचालकही झाले. निष्कर्ष काय निघाला? मणक्याच्या हस्तोपचाराची उपयुक्तता सिद्ध करण्यास किंवा नाकारण्यास पुरेसा पुरावा उपलब्ध नाही.

१९/ शंभर वर्षांनंतरचा हा निकाल! १८७४ मध्ये मांडलेल्या विचाराविषयी १९७५ साली देशातील सर्वोच्च संस्था म्हणते की अजून सांगता येत नाही. कित्येकांनी याचा अर्थ ‘उपचार निरुपयोगी’ असा लावला, तर कित्येकांनी ‘शास्त्राने विरोध केलेला नाही’ असा. दोन्ही अर्थ चुकीचे. परीक्षाच झाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

२०/ परीक्षा का झाली नव्हती? पैसा हे एक कारण. दुसरे कारण पद्धतीचे. औषधाच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना साखरेची गोळी देता येते. रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरालाही. हाताच्या उपचारात ‘साखरेचा हात’ कोठून आणायचा? खोटा उपचार करणाऱ्याला तो खोटा आहे हे ठाऊकच असते. शिवाय नुसता हळुवार स्पर्शही वेदना कमी करू शकतो. त्यामुळे अशा चाचण्यांना प्रशिक्षित माणसे, वेळ आणि पर्यायाने पैसा अधिक लागतो. आणि हस्तोपचारावर एकस्व घेता येत नसल्याने तो भरून देणारी कंपनीही नसते.

२१/ १९९२ साली आयोवा राज्याचे सिनेटर टॉम हार्किन यांच्या पुढाकाराने एनआयएचमध्ये पर्यायी वैद्यकाचे कार्यालय उघडले. पहिल्या वर्षाचा निधी २० लाख डॉलर. १९९८ मध्ये त्याचे स्वतंत्र केंद्रात रूपांतर झाले. गंमत अशी की, डी.ओ. डॉक्टर आपण ‘पर्यायी’ नसून पूर्ण वैद्यक आहोत, असे शंभर वर्षे सांगत आले होते. आता हस्तोपचाराच्या संशोधनाला सरकारी दार उघडले ते नेमके ‘पर्यायी’ या पाटीखाली. स्वाभिमान राखायचा की अर्ज करायचा? त्यांनी अर्ज केले.

२२/ आता चाचण्या होऊ लागल्या. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाठदुखीच्या १५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हस्तोपचार आणि नेहमीचे उपचार या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. मात्र हस्तोपचाराच्या गटाला औषधे कमी लागली. २००१ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ऑस्टिओपॅथिक संशोधन केंद्र स्थापन झाले. जोडीला व्यवसायाच्या धर्मादाय संस्थांचा पैसा होता. अशी एक संस्था तर ओहायोतील ऑस्टिओपॅथिक रुग्णालयाच्या हस्तांतरणातून आलेल्या रकमेवर उभी राहिली. रुग्णालय गेले, पण त्याच्या पैशातून संशोधन चालू झाले.

२३/ आणि मग १९१८ चा तो जुना दावा पुन्हा पटलावर आला. न्यूमोनिया झालेल्या ५० वर्षांवरील ४०६ रुग्णांवर सात रुग्णालयांत चाचणी झाली. खर्च प्रामुख्याने धर्मादाय संस्थांचा. एका गटाला फक्त नेहमीचे उपचार, दुसऱ्याला जोडीने हळुवार स्पर्श, तिसऱ्याला जोडीने हस्तोपचार. २०१० मध्ये निकाल आला. सर्व रुग्ण धरून हिशेब केला तर गटांमध्ये लक्षणीय फरक नाही. ज्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण उपचार मिळाले त्यांचाच हिशेब केला तर हस्तोपचाराच्या गटाचा रुग्णालयातील मुक्काम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी. १,१०,१२२ रुग्णांच्या आकड्याने जे सांगता आले नाही, ते ४०६ रुग्णांनी अधिक प्रामाणिकपणे सांगितले. उत्तर मात्र सावध होते.

२४/ २०१३ साली जुनाट कंबरदुखीच्या ४५५ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. निधी एनआयएच आणि ऑस्टिओपॅथिक धर्मादाय संस्था यांचा मिळून. हस्तोपचार घेतलेल्या ६३ टक्के रुग्णांना मध्यम प्रतीचा आराम. खोट्या उपचाराच्या गटात तो ४६ टक्क्यांना. २०१५ मध्ये ४०० गर्भवती स्त्रियांवरील चाचणीत हस्तोपचार नेहमीच्या काळजीपेक्षा सरस ठरला, पण खोट्या अल्ट्रासाउंड उपचारापेक्षा नाही. तो ‘साखरेचा हात’ येथे पुन्हा आडवा आला.

२५/ २०२१ मधील फ्रान्सची चाचणी या शृंखलेत महत्त्वाची आहे. पैसा फ्रेंच आरोग्य मंत्रालयाचा. रुग्ण ४००, दुखणे कंबरेचे, तुलनेसाठी खोटा हस्तोपचार. फरक आढळला, पण तो रुग्णाच्या जगण्यात जाणवावा इतका मोठा नव्हता. अमेरिकी व्यवसायनिधी आणि फ्रेंच सरकारी निधी यांचे निकाल भिन्न दिसतात म्हणून लगेच कोणाला दोषी ठरवू नये. उपचाराची पद्धत, रुग्णांची निवड, मोजमापाची साधने हे सारे वेगळे होते. पण पैसा कोणाचा, हा प्रश्न मनात ठेवूनच दोन्ही निबंध वाचावेत.

२६/ शेवटी आणखी एक विसंगती. डी.ओ. डॉक्टर आज अमेरिकेत शस्त्रक्रिया करतात, औषधे देतात, सैन्यात आणि रुग्णालयांत एम.डी.च्या बरोबरीने काम करतात. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांतील निम्म्याहून अधिकांनी सांगितले की आपण ५ टक्क्यांहून कमी रुग्णांवर हस्तोपचार करतो. संशोधनाला पैसा आणि मान्यता मिळू लागली, तोवर त्या उपचाराचे वारसदारच तो विसरू लागले होते.

२७/ या कथेतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? संशोधननिधी मिळाला नाही, एवढ्यावरून एखादे मत दडपलेले सत्य ठरत नाही. उलट ‘पुरावा नाही’ हे वाक्य वाचल्यावर पुरावा शोधण्याची संधी कोणाला आणि केव्हा मिळाली होती, हेही विचारावे लागते. १८६४ साली तीन मुले गमावलेल्या बापाने विचारलेला प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तराची पहिली नीट चाचणी व्हायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि आलेले उत्तर ना त्याच्या अनुयायांना पूर्ण सुखावणारे, ना विरोधकांना.

२८/ पुढच्या वेळी कोणत्याही उपचाराविषयी, जुन्या असो वा नव्या, एखादा मोठा आकडा समोर आला, तर तीन गोष्टी पाहाव्यात: मोजले कोणी, तुलना कशाशी केली, आणि खर्च कोणी दिला. कर्क्सव्हिलच्या त्या लहानशा शाळेपासून पॅरिसच्या मंत्रालयापर्यंतचा हा प्रवास त्यासाठीच मांडला. धागा येथे पूर्ण करतो. शंका आणि दुरुस्त्या असतील तर खाली अवश्य लिहाव्यात.